साध्या पेटीतल्या बाटल्या

माझ्या नणंदेला बसून चहा पिताना मी अडतीस वर्षांत पाहिलेलं नाही. कप हातात घेऊन त्या खिडकीपाशी जातात, एक घोट घेतात, दाराची कडी तपासतात, दुसरा घोट घेतात, आणि तिसऱ्या घोटाच्या वेळी कप कुठे ठेवला तेच विसरतात. गार झालेले कप मला कपाटावर, शिवणयंत्रावर, एकदा तर चपलांच्या फळीवर सापडले आहेत. पाणीपुरवठा केंद्रात त्यांना सगळे भिंगरीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वन्सं म्हणत आले, वयाने मी त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी असले तरी. यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो, एक बसून लिहिणारी आणि एक चालत राहणारी.

लिहिण्याची सवय मला शाळेतल्या नन्सनी लावली. तारीख, वेळ, हवा, आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. एका पानावर ‘वाटलं’ हा शब्द दोनदा आला की सिस्टर लाल रेघ मारायच्या. त्यामुळे वन्संच्या त्या तीन दिवसांबद्दल लिहिताना मला आठवणीवर फार भिस्त ठेवावी लागलेली नाही.

वन्सं केंद्रात लागल्या त्या बाटल्या धुण्याच्या कामावर. वय वीस. नमुन्याची बाटली आधी साबणाने, मग साध्या पाण्याने, मग ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीनदा खळबळायची, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकून घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत सगळ्या केंद्राला शिकवलं. संध्याकाळचे वर्ग करून परीक्षा दिल्या, प्रयोगशाळेच्या मदतनीस झाल्या, मग तिथल्या मुख्यच झाल्या. पण बाटल्यांवरचा हक्क काही सोडला नाही. नमुने कसे घ्यायचे, कसे न्यायचे, याचे नियम त्यांनीच आपल्या ठसठशीत अक्षरात लिहून भिंतीवर लावले होते. त्यातला सातवा नियम असा: जंतूंच्या तपासणीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत, औषधाच्या तपासणीच्या बाटल्या साध्या पेटीत. जंतू वाटेत वाढतात, म्हणून त्यांना बर्फ. पाण्यात उतरलेलं फवारणीचं औषध दोन तासांत वाढत नाही की घटत नाही, मग बर्फ कशाला वाया घालवा? तीस वर्षं हा नियम बिनचूक होता.

औषध म्हणजे कीटकनाशक. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मैलोन्‌मैल फळबागा आहेत. त्यांच्यामधून येणाऱ्या कालव्याचं पाणी जुन्या पंपघरातून खालच्या वस्तीला जात असे. बागा वाढल्या, फवारणी वाढली, आणि एका तपासणीत वन्संना त्या पाण्यात नको तितकं औषध सापडलं. त्यांनीच तो अहवाल वर पाठवला आणि त्यावरून पंपघर बंद झालं. खालच्या वस्तीला एक दिवसाआड टँकर सुरू झाला, आणि तो सात वर्षं चालला.

त्या वस्तीत एक शिंपीण आहे. माझे ब्लाउज तिच्याकडेच असतात. पंपघरापासून पहिलं घर तिचं. कपडे द्यायला गेलं की ती वन्संना उद्देशून मला सांगायची, "तुमच्या नणंदबाईंना म्हणावं, विष आहे हे शोधायला एक दिवस लागला, काढायला किती लागणार?" मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगत असे. वन्सं ऐकत आणि अंगणात जाऊन झाडांना पाणी घालत. त्यांना आधीच घातलेलं असलं तरी.

मध्यंतरी कोळशाचा प्रयोग झाला. कोळसा औषध धरून ठेवतो, पण काही आठवड्यांत भरून जातो, आणि मग तो विषारी कोळसा टाकायचा कुठे हा नवा घोर. त्यानंतर एका संशोधन संस्थेची माणसं एन्झाइम घेऊन आली. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. मला ते शाळेतही कळलं नव्हतं आणि या खेपेलाही कळेना, तेव्हा वन्संनी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत समजावलं.

"कोळसा म्हणजे कोठडी, वहिनी. धरतो आणि कोंडतो. कोठडी भरली की खेळ संपला. हे एन्झाइम म्हणजे तुमच्या शिंपिणीची कात्री. कापड आलं, कापलं, पुढच्या कापडाला मोकळी. कापल्यावर ते औषध औषध राहत नाही."

शेतातल्या मातीत असे जंतू असतात म्हणे, ज्यांनी फवारा खाऊन खाऊन ही कात्री आपल्या पोटात तयार केली. संस्थेने ती त्यांच्याकडून काढून घेऊन माशाच्या अंड्यांसारख्या मऊ मण्यांत कोंडली होती. ते मणी माणसाच्या उंचीच्या चार उभ्या नळ्यांत भरायचे, पाणी वरून सोडायचं, खालून काढायचं. खाली कापडाची चाळण, म्हणजे मणी वाहून जाणार नाहीत. त्याच्याखाली तुकडे टिपण्यापुरता कोळशाचा पातळ थर, मग क्लोरीन, मग नळ.

वन्संनी या नळ्यांसाठी तीन वर्षं घातली. आणि शेवटी लागोपाठ अकरा आठवडे शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून एकच उत्तर आलं: आढळले नाही. अकराही अहवालांवर वन्संची सही होती. सोमवारी अकरा वाजता झडप उघडायची ठरली. पत्रिका छापल्या गेल्या.

त्या आठवड्यात वन्संची भिंगरी दुपटीने फिरू लागली. भाजी चिरता चिरता उठून जायच्या, विळी तशीच. कारण विचारलं तर म्हणायच्या, काही नाही. गुरुवारी मात्र बोलल्या. दर महिन्याला त्या नळ्यांचा कस पाहत: मोजून भरपूर औषध घातलेलं पाणी वरून सोडायचं. ते औषध कापलं गेलं की त्याचा एक तुकडा पिवळा असतो. म्हणून कोळशाच्या आधीच्या तोटीतून येणारं पाणी जितकं पिवळं तितकी कात्री चांगली चालली. हे तिथल्या तिथे रंगाच्या कार्डाशी ताडायचं आणि पाणी वेगळ्या पिंपात ओतून टाकायचं. या खेपेला रंग कार्डापेक्षा दोन छटा फिका आला होता. चाळणीच्या कापडावर मण्यांचा थोडा चुराही दिसला होता. रंग म्हणत होता की कात्री बोथट झाली, आणि अहवाल म्हणत होते की पाण्यात काहीच उरलं नाही.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या.

केंद्राचे इंजिनिअर साहेब वन्संपेक्षा वीसएक वर्षांनी लहान, माणूस तसा सरळ. ते म्हणाले होते की कार्डावर ऊन पडून त्याचा रंग उतरला असेल, आणि वर हसून, "भिंगरीबाई, रिझल्ट वाईट आला तरी तुम्हाला झोप नाही, चांगला आला तरी नाही." सगळे हसले, त्याही हसल्या. पण शुक्रवारी त्यांनी चहाचे दोन कप हरवले.

शनिवारी त्यांनी कस पुन्हा पाहिला आणि या वेळी पिवळं पाणी ओतून न टाकता बाटलीत भरलं, मोठ्या प्रयोगशाळेने स्वतः रंग पाहावा म्हणून. शनिवारी केंद्र बाराला बंद होतं. नमुने नेणारी गाडी बिघडली होती, ती संध्याकाळी आमच्या दारावरून जाताना बाटल्या घेऊन जाईल असा निरोप आला. म्हणून वन्सं साधी पेटी घरी घेऊन आल्या.

मी स्वयंपाकघरात विष येऊ देणार नाही म्हणून दारातच उभी राहिले. त्यांनी पेटी ओट्याऐवजी मागच्या व्हरांड्यातल्या उंच फळीवर ठेवली, आणि ती एक बाटली बाहेर काढून उजेडात धरली. मला म्हणाल्या, बघा, कसा रंग आहे? मी पाहिलं आणि सवयीने लिहून ठेवलं. बारा वीस, ऊन, बाटलीतलं पाणी अगदी फिकट, सुकलेल्या गवताच्या काडीसारखं.

बाटली पेटीबाहेर फळीवरच राहिली. जेवणं झाली. वन्संनी कपडे वाळत घातले, काढले, परत घातले. साडेचारला मी व्हरांड्यात उशी उन्हातून उचलायला गेले आणि फळीकडे नजर गेली.

"वन्सं, बाटली बदललीत का?"

"नाही. का?"

"ही पिवळीजर्द आहे. पिकल्या लिंबासारखी."

त्या आल्या, पाहिलं, म्हणाल्या की उतरत्या उन्हात सगळंच पिवळं दिसतं. मी म्हटलं, दुपारी गवताच्या काडीसारखं होतं, मी लिहिलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीचं काय सांगता, वहिनी. तुम्ही शेजाऱ्याचं मांजर किती वाजता शिंकलं तेही लिहिता." मी आत गेले. वही आणली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. मग त्यांनी बाटली घरात नेली, पांढऱ्या भिंतीसमोर धरली, दिव्याखाली धरली. लिंबूच.

चार सदतीसची नोंद आहे: वन्सं पायरीवर बसल्या.

कितीतरी वेळ त्या उठेनातच. मला धडकीच भरली. चालणारं घड्याळ बंद पडलं की जशी खोली मोठी वाटते तसं झालं. शेवटी त्या बाटलीकडे पाहत म्हणाल्या, "हिच्यात एकही मणी नाही. तरी काम चालू आहे."

मग सगळं एकदम बाहेर आलं. मणी फुटत होते. त्यांच्यातली कात्री सुटून कापडातून पाण्याबरोबर खाली येत होती आणि बाटलीत शिरत होती. बाटली साध्या पेटीत बसून दीड तास शहरापर्यंत जात होती, आणि त्या दीड तासात आतल्या आत पाणी साफ होत होतं. मोठ्या प्रयोगशाळेने खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या टेबलावर पोचलेलं पाणी खरंच स्वच्छ होतं. नळीतून निघालेलं पाणी कसं होतं हे अकरा आठवड्यांत कोणी पाहिलंच नव्हतं.

"बर्फ असता तर काम मंदावलं असतं. काहीतरी उरलं असतं आणि कळलं असतं," त्या म्हणाल्या. "बर्फ नको असं कोणी लिहिलं? मीच."

मी म्हटलं, नियम बरोबरच होता की इतकी वर्षं. त्या म्हणाल्या, "हो ना. म्हणून तर कोणी विचारलं नाही."

पंपघरातून पाणी सुटलं की शिंपिणीच्या नळाला दहा मिनिटांत पोचतं. तिची लेक तेव्हा दोन महिन्यांचं बाळ घेऊन आईकडे आलेली होती. हे वन्संना मीच सांगितलं होतं, बुधवारी, ब्लाउज आणला तेव्हा. आता त्या पायरीवरून उठल्या आणि जो फेरा सुरू केला तो जेवणापर्यंत थांबला नाही. त्यांनी फेऱ्यातच साहेबांना फोन लावला, फेऱ्यातच आलेल्या गाडीला बाटल्या न देता परत पाठवलं.

रविवारी सकाळी त्यांनी मलाही पंपघरात नेलं. म्हणाल्या, वेळ लिहायला माणूस हवा, आणि तुमच्याइतकं काटेकोर माझ्याकडे दुसरं कोणी नाही. मी वही, दोन पेन आणि यजमानांचं घड्याळ घेतलं. पंपघर म्हणजे एक उंच छताची ओलसर खोली, मधे त्या चार नळ्या, भिंतीला नवा रंग. सोमवारच्या खुर्च्या घडी करून रचून ठेवलेल्या. साहेब आधीच आले होते, दाढी न करता.

वन्संचा बेत सोपा होता. चारही नळ्यांचं पाणी खाली एकत्र येतं त्या तोटीपाशी बाटल्या जोडीने भरायच्या. जोडीतल्या एकीत तिथल्या तिथे आम्लाचे थेंब टाकायचे, म्हणजे कात्री जागच्या जागी मरते आणि पाणी त्या क्षणाला होतं तसंच राहतं. दुसरीत काही टाकायचं नाही, नेहमीसारखी साध्या पेटीत. चार जोड्या, दर पंधरा मिनिटांनी एक. मी वेळ सांगायची आणि लिहायची, त्या भरायच्या.

तिसऱ्या जोडीच्या वेळी साहेब जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले की लोक येणार आहेत, पत्रिका गेल्या आहेत. थोडं उरलं असलं तरी काम बाटलीत चालू राहतं तसं पाइपातही चालू राहीलच ना?

वन्सं बाटलीचं झाकण आवळत म्हणाल्या, "पाइपात दहा मिनिटं आहेत, साहेब. बाटलीला दीड तास होता. आणि पाइपाच्या तोंडाशी आपण क्लोरीन घालतो, त्याने कात्रीचा जीवच जातो."

"अकरा रिपोर्ट आहेत. सगळ्यांवर तुमचीच सही आहे."

"म्हणूनच आले."

साहेबांनी रचून ठेवलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग चौथी जोडी भरून होताच आठही बाटल्या स्वतःच्या गाडीत ठेवल्या, शहरातल्या ओळखीच्या तंत्रज्ञाला सुटीच्या दिवशी घरातून बोलावून घेतलं, आणि निघून गेले. मी त्यांच्याबद्दल इथे वाकडं लिहिणार नाही. दुसरा कोणी असता तर त्याने गाडीची किल्ली शोधण्यातच दिवस काढला असता.

उरलेला रविवार कसा गेला ते विचारू नये. वन्संनी कपाट आवरलं, मग मी लावलेलं दुसरं कपाट विस्कटून आवरलं. मी एका जागी बसून होते, पण माझाही पाय हलत होता हे मला नंतर कळलं. आपली शंका चूक ठरावी की खरी, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शंका चूक ठरली असती तर सोमवारी पाणी सुटलं असतं. एकदा त्या थांबून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही ती बाटली पाहिलीच नसती तर?" मी चहा ठेवायला उठले. असल्या प्रश्नाचं उत्तर घरात बोलू नये.

सोमवारी आठ पन्नासला फोन आला. साध्या चारही बाटल्या: आढळले नाही. आम्ल घातलेल्या चारही: मर्यादेच्या अडीच पट.

झडप उघडली नाही. पाहुण्यांना साहेबांनी फोन केले. वस्तीला कोण सांगणार, यावर वन्सं म्हणाल्या, "मीच सांगते." मी बरोबर गेले, कारण त्यांना एकटं सोडवेना.

शिंपिणीच्या अंगणात घासलेली भांडी उन्हात रांगेने मांडली होती. हंडे, बादल्या, पातेली, अगदी डबेसुद्धा. लेक दारात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वन्संनी काही लपवलं नाही. पाणी साफ नाही, ते साफ आहे असं मीच अकरा वेळा सही करून सांगितलं, चूक नमुना नेण्याच्या माझ्या पद्धतीत होती, असं उभ्या उभ्या सांगितलं. 

"किती दिवस?" शिंपिणीने विचारलं.

"माहीत नाही."

"गेल्या सात वर्षांत सगळ्यांनी तारीख दिली. माहीत नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." ती वाकून एकेक भांडं पालथं घालू लागली. "पण खरं बोललात म्हणून हंडा भरत नाही, भिंगरीबाई."

वन्संनी वाकून तिच्याबरोबर भांडी पालथी घातली.  परत येताना त्या इतक्या भराभर चालल्या की मला दोनदा थांबा म्हणावं लागलं.

पुढचं काम चौदा आठवडे चाललं. संस्थेने मणी घट्ट बनवून दिले. पण वन्संच्या डोक्यात ती पिवळी बाटली बसली होती. बाटलीला जे साधलं ते पंपघराला का साधू नये? पंपघराच्या मागे गाळ बसवायची एक जुनी टाकी कोरडी पडली होती. ती घासूनपुसून घेतली. नळ्यांतून पाणी आधीपेक्षा सावकाश सोडायचं, मग त्या टाकीत दोन तास थांबवून परत एकदा नळ्यांतून फिरवायचं, आणि नंतरच कोळसा आणि क्लोरीन. सगळ्या नमुन्यांत भरता क्षणी आम्ल. साहेब म्हणाले, भिंगरीबाईंनी पाण्याला बसायला शिकवलं, आता स्वतः कधी शिकणार? या वेळी त्या खरंच हसल्या.

आम्ल घातलेल्या बाटल्यांचा रिझल्ट सलग आठ आठवडे स्वच्छ आला. मग एका बुधवारी, पत्रिका न छापता, झडप उघडली. ते दोन तास पाणी टाकीत थांबलं होतं तेव्हा वन्सं टाकीभोवती फिरत होत्या. त्रेचाळीस फेरे. मी कठड्यावर बसून मोजले.

शिंपिणीने पहिला पेला भरला. तो बाळाकडे नेला नाही, लेकीलाही दिला नाही. वन्संच्या हातात दिला. "आधी तुम्ही."

वन्संनी उजेडात धरून रंग पाहिला. सवय. मग एका दमात, जागचं न हलता, पूर्ण पेला प्यायल्या. शिंपिणीने दुसरा स्वतःसाठी भरला, आणि उरलेल्या हंड्यांना लेकीला हाक मारली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. वन्सं आता निवृत्त आहेत. भिंतीवरचा तो नियमांचा कागद त्यांनी येताना काढून आणला, आणि दुपारी तो हातात घेऊन घरभर फिरत असतात. एकेक नियम मोठ्याने वाचतात आणि मला विचारतात, "वहिनी, हा का बरं असा लिहिला असेल मी?" मला त्यातलं काय कळणार? पण मी विचारते, हे कधी खोटं ठरेल? मग त्या थांबतात, विचार करतात, पेन्सिलीने कडेला काहीतरी लिहितात. काल एकोणिसाव्यापर्यंत आलो. एकूण चौतीस आहेत. एकोणिसाव्यावर त्या अडल्या, कागद टेबलावर टाकून चपला घातल्या आणि केंद्राकडे निघाल्या. चहाचा कप मला संध्याकाळी खिडकीत सापडला, भरलेला.